कफगीर

निवृत्तीनंतर मुलीकडे महिनाभर राहायला जायचं, हे मी नोकरीत असतानाच ठरवून ठेवलं होतं. ते प्रत्यक्षात यायला मात्र चार-पाच वर्षं गेली. लेक बडोद्याला एका बँकेत आहे. गेल्या हिवाळ्यात एकदाची सोलापूरहून निघाले. बडोद्यात मराठी कानावर पडतं, त्यामुळे मला परक्या गावी आल्यासारखं वाटलं नाही. परकेपणा लेकीने भोगून झाला होता. पहिल्या वर्षी दोन-तीन ठिकाणी घर पसंत पडलं, पागडीचंही ठरलं, पण नाव सांगितल्यावर घरमालकांना अचानक पाहुणे येणार असल्याचं आठवलं. शेवटी तिने तांदळजा भागात घर घेतलं. तिथे आपल्या लोकांची वस्ती आहे. हे ती हसत सांगते. मी हसू शकत नाही.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "अम्मी, दोन दिवस तुला राजवाड्यात ठेवते."

मला वाटलं थट्टा करते आहे. म्हटलं, "राजवाडे तिकीट काढून बघायचे असतात, राहायचे नसतात."

"हा राहायचा आहे. बालासिनोरला नवाबांचा वाडा आहे. त्यातल्या काही खोल्या त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवल्यात. घरची माणसं तिथेच राहतात, स्वयंपाकाकडेही स्वतः बघतात. आणि मुख्य म्हणजे आपल्यातलेच आहेत."

हा 'आपल्यातलेच' शब्द माझ्या डोक्यात बसला. छत्तीस वर्षं मी एका हायस्कुलात मराठी शिकवलं. इतिहासाच्या पुस्तकातला औरंगजेबाचा धडा आला की शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हमखास म्हणायचं, "काय मॅडम, तुमच्या बादशहाने काय केलं बघा." बोलणारे वाईट नव्हते. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातलं खाणारीच माणसं ती. मी हसून विषय बदलायची. पण मनात यायचं, माझा बादशहा कोणता? माझ्या आजोबांना स्वतःचं घर नव्हतं. विजापूर वेशीजवळच्या एका चाळीत आम्ही आठ माणसं दीड खोलीत राहत होतो. राज्य कुणी केलं असेल तर ते आमच्या घरावरून गेलेलं नव्हतं. आणि आता लेक म्हणत होती, नवाब आपल्यातलेच. नावं सारखी, नमाज सारखी, एवढ्यावर माणसं आपल्यातली होतात का, हा प्रश्न मला पूर्वीही पडायचा.

शनिवारी सकाळी निघालो. मही नदी ओलांडून डाकोरवरून रस्ता जातो. डाकोरला रणछोडरायाच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती. पुढे सेवालियाच्या आसपास गोधऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याची पाटी दिसली. आम्ही दोघींनीही ती वाचली आणि दोघीही काही बोललो नाही. 2002 साली ही मुलगी शाळेत होती. टीव्ही बंद करून मी तिला गणितं सोडवायला बसवलं होतं. आज ती त्याच मुलखात गाडी चालवत होती. गाडी सेवालियावरून उत्तरेकडे वळली. दोन्ही बाजूंनी शेतं, मधूनच कापूस, मधूनच एरंडी. तसं पाहिलं तर आपल्या इकडच्यासारखंच गाव-शिवार.

बालासिनोर हे मोठं शहर नाही. 2013 साली महीसागर जिल्हा नवा झाला, त्यात ते आता येतं; पूर्वी खेडा जिल्ह्यात होतं. बाजारातून गाडी पुढे गेली आणि झाडांच्या आड वाडा दिसला. 'गार्डन पॅलेस' हे नाव. 1883 सालची इमारत. चित्रपटातल्यासारखं काहीतरी डोळ्यांसमोर ठेवून गेलेल्या माणसाची इथे निराशाच होईल. तट नाहीत, हत्ती नाहीत. एखाद्या मोठ्या जमीनदाराचा नीट राखलेला बंगला असावा तसं ते घर. भोवती बाग, आंब्याची जुनी झाडं, उंच छताच्या खोल्या, आत भिंतीवर घराण्याच्या तसबिरी. दारात भालदार-चोपदार नव्हते. एक वयस्क नोकर आला आणि त्याने आमच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. माझी पिशवी मी सोडेना. आयुष्यभर दुसऱ्याने आपलं सामान उचलायची सवय नाही. लेकीने डोळ्यांनी खुणावलं तेव्हा सोडली.

संध्याकाळपर्यंत मी त्या तसबिरी बघत फिरले. हे बाबी घराणं मूळचं पठाण. मोगलांच्या चाकरीत गुजरातेत आलं आणि मोगल सत्ता खिळखिळी झाल्यावर त्यातल्या तीन शाखांनी जुनागढ, राधनपूर आणि बालासिनोर इथे आपापली राज्यं थाटली. बालासिनोरचं राज्य 1758 सालचं. मराठ्यांचा आणि या घराण्याचा संबंध आपल्या पाठ्यपुस्तकात येत नाही. 1753 साली रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबादला वेढा घातला, तेव्हा शहर जवानमर्दखान बाबीच्या ताब्यात होतं. त्याने शहर दिलं, पण तह करून, आपला मान आणि राधनपूरकडचा मुलूख राखून. पुढे बालासिनोरचं संस्थान इंग्रजांना खंडणी देई आणि बडोद्याच्या गायकवाडांनाही देई. म्हणजे लढाई झाली, तह झाला, वसुली झाली आणि मग दोघेही शेजारी शेजारी नांदले. शिक्षकांच्या खोलीत 'तुमचे' आणि 'आमचे' अशी जी सरळ रेघ मारली जायची, तिला इथे जागा सापडत नाही.

1947 साली याच कुळातल्या जुनागढच्या नवाबाने पाकिस्तानात सामील व्हायचं ठरवलं आणि शेवटी तो निघून गेला. ते सर्वांच्या लक्षात आहे. बालासिनोरचे इथेच राहिले, हे कोण लक्षात ठेवतं? 1948 साली हे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे 1960 च्या 1 मेपर्यंत बालासिनोर आणि आमचं सोलापूर एकाच राज्यात होतं. 1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि देशभरच्या अशा घरांपुढे प्रश्न उभा राहिला की एवढ्या मोठ्या छपरांखाली आता करायचं काय. कुणी वाडे विकले, कुणी मोठ्या कंपन्यांना चालवायला दिले, कुणाचे पडून गेले. काहींनी घराची दारं पाहुण्यांना उघडली आणि आपण घरातच राहिले. इथे तसंच झालेलं आहे.

रात्री जेवणासाठी बोलावणं आलं. लांब मेज, पांढरा कपडा, आणखी दोन परदेशी पाहुणे. कोरम्याचं झाकण उघडलं आणि मी जागच्या जागी थांबले. वासावरूनच कळलं, यात टोमॅटो नाही. कांदा वेगळा तळून, हाताने चुरून, दह्यात घातलेला आहे, आणि भांडं झाकण लावून निखाऱ्यावर दम दिलेलं आहे. हल्ली हॉटेलातल्या कोरम्याला लाल रस्सा असतो. हा तसा नव्हता. घास तोंडात घेतला आणि मला रडूच येईल असं वाटलं. लेक विचारत होती, "काय गं, तिखट आहे का?" मी मान हलवली.

जेवण झाल्यावर मला राहवेना. मी उठले आणि ज्या दारातून भांडी येत होती त्या दाराकडे निघाले. मला फक्त चूल बघायची होती. तो वयस्क नोकर लगबगीने पुढे आला आणि अदबीने म्हणाला, "आप मेहमान हैं. तशरीफ रखिये."

मी परत येऊन खुर्चीत बसले. पाय थरथरत होते. हेच वाक्य मी पन्नास वर्षांपूर्वी ऐकलं होतं, आणि ज्यांनी ते म्हटलं ते माझे अब्बा होते.

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. माझे वडील भटारी होते. लग्नाकार्यात, वलीम्यात, चाळीसाव्याला देगा लावायचे. दालचा-खाना, बिर्याणी, जर्दा. एका वेळी सहा-सहा देगा चढलेल्या आणि अब्बा डोक्याला टॉवेल बांधून एका चुलीकडून दुसऱ्या चुलीकडे. हातात कफगीर. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, कफगीर म्हणजे लोखंडाचं लांब दांड्याचं, रुंद पात्याचं उलथनं. अब्बांची कफगीर माझ्या खांद्याइतकी उंच होती. दम दिल्यावर कणकेने देगेचं तोंड बंद करायचे, झाकणावर निखारे ठेवायचे आणि थोड्या वेळाने वाकून कान जवळ न्यायचे. आत वाफेचा आवाज कसा आहे यावरून ते सांगत, अजून किती वेळ. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं.

मजुरी देगेमागे मिळायची आणि वर देगेच्या तळाची खुरचण. रात्री एक-दीडला ते घरी येत, अंगाला धुराचा वास, हातात कापडात बांधलेलं भांडं. आम्हा भावंडांना झोपेतून उठवत. परक्यांच्या लग्नातल्या त्या खरवडीवर आम्ही वाढलो. लहान होते तोवर मला ती ईदेसारखी वाटायची. हायस्कुलात गेल्यावर तिची लाज वाटायला लागली. शाळेच्या फॉर्मात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना असायचा. आठवीपासून मी तिथे 'व्यापार' लिहायला लागले. अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवीन तिथे ते अंगठा उमटवायचे.

1974 साल. मी नववीत होते. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं. तिचे वडील वकील. मला घरी येऊन दावत दिली होती. शेजारणीची ओढणी मागून घेऊन मी गेले. अब्बांना त्या दिवशी कुठे काम आहे हे मला माहीत नव्हतं; आमच्या घरी कामाबद्दल बोलणं अम्मीशी व्हायचं. मंडपात थोडा वेळ बसल्यावर मैत्रीण म्हणाली, चल, मागे गरम जर्दा निघतोय, खाऊन येऊ. कनातीच्या मागे गेलो. धूर होता. धुरातून एक माणूस वळला. टॉवेल, काळवंडलेली बनियन, हातात कफगीर.

त्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. एक क्षणच. हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आरशाशिवायही माहीत आहे. मैत्रिणीने विचारलं, "ओळखतेस का गं यांना?" मी म्हटलं, "नाही."

घरी अब्बा आमच्याशी आपली दख्खनी बोलायचे. "इदर आ गे", "खाना खाई क्या तू". त्या दिवशी ते माझ्याशी गिऱ्हाइकांशी बोलायचे त्या उर्दूत बोलले. "आप मेहमान हैं, बेटा. यहाँ धुआँ है. उधर तशरीफ रखिये." आणि वळून देगेकडे गेले.

रात्री ते आले तेव्हा मी जागी होते, पण डोळे मिटून पडून राहिले. सकाळी उशाशी वाटीत जर्दा झाकून ठेवलेला होता. त्यावर इतरांपेक्षा जास्त काजू होते. त्या गोष्टीचा उच्चार त्यांनी पुढे कधीच केला नाही. मीही केला नाही. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी मोहल्ल्यात स्वतःच्या हाताने खाना करून वाटला. 1984 साली ते गेले. माफी मागायला माझ्याकडे दहा वर्षं होती.

पुढे तर मला ते सांगायच्या संधीही आल्या. 1990 साली आमच्या सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मी तरुण शिक्षिका, मोठ्या उत्साहाने गेले होते. मुसलमानाने मराठीत आपलं जगणं लिहावं, खरंखुरं लिहावं, असं तिथे सगळे पोटतिडकीने बोलत होते. पिंजारी, मुलाणी, मणियार, बागवान, अत्तार, नावं घेतली जात होती. आपल्यातही उच्चनीच आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असा एकंदर सूर होता. मी टाळ्या वाजवल्या. ओळख करून देताना मात्र म्हटलं, "मी शिक्षिका आहे, माहेर व्यापारी." नंतर महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीने जोर धरला तेव्हा मी तिच्याबद्दल दोन लेखही लिहिले. त्यांत सगळं होतं, फक्त मी नव्हते. लेकीला सांगितलं होतं की नाना लग्नाची कंत्राटं घ्यायचे. अगदीच खोटं नव्हे, म्हणून मला ते बरं वाटायचं.

त्या रात्री वाड्याच्या उंच पलंगावर मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी रैयोलीला गेलो. बालासिनोरपासून जवळच हे गाव आहे. 1980 नंतरच्या काही वर्षांत भूवैज्ञानिकांना इथे डायनासोरची हाडं आणि अंडी सापडली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. इथल्या हाडांवरून शास्त्रज्ञांनी 2003 साली एका नव्या जातीचं नाव जाहीर केलं, 'राजासॉरस नर्मदेन्सिस', नर्मदेकाठचा राजेशाही सरडा. डोक्यावर शिंगासारखा उंचवटा असलेला मांसाहारी प्राणी. आपल्या सोलापूरच्या बाजूला खणलं की जो काळा पाषाण लागतो, तो ज्या लाव्हाचा झाला, तो लाव्हा साधारण याच काळात दख्खनभर वाहिला. अनेक वर्षं ही जागा उघडीच पडली होती. गुरं चरत, लोक दगड उचलून नेत. याच नवाब घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी ती राखली जावी म्हणून बरीच वर्षं खटपट केली. स्वतः पाहुण्यांना घेऊन त्या माळावर फिरल्या, माहिती सांगितली. 2019 साली तिथे सरकारने संग्रहालय उभारलं.

आम्हाला दाखवणाऱ्या माणसाने एक गोष्ट सांगितली. ही गोष्ट तिथे सगळेच सांगतात. गावातली एक म्हातारी एका गोल दगडाने मसाला वाटायची. जाणकार माणसाने पाहिलं तर ते डायनासोरचं अंडं. म्हातारीच्या दृष्टीने तो चांगला, हाताला बसणारा वाटण्याचा दगड. लेक खूप हसली. मी त्या गोष्टीत अडकून राहिले. म्हातारी काय करत होती? मसाला वाटत होती. कोट्यवधी वर्षांचा दगड ओळखणाऱ्याचं नाव होतं, आणि ते योग्यच आहे. पण त्या दगडावर वाटलेल्या मसाल्याची चव कशी होती, हे कुणी विचारलं नाही.

परत आल्यावर मी पुन्हा भिंतीवरच्या तसबिरी पाहिल्या. या वेळी एकच गोष्ट शोधत होते. घराण्यातले पुरुष होते, मुलं होती, पाहुणे होते. शे-सव्वाशे वर्षं या घरात रोज दोन वेळा दस्तरखान पडला असेल. तो रांधणारा एकही खानसामा मला भिंतीवर दिसला नाही. यात या घराचा वेगळा दोष नाही. आमच्या घरी तरी अब्बांचा कफगीर हातात घेतलेला फोटो कुठे आहे? जो एक फोटो आहे तो शेरवानीतला, स्टुडिओत काढलेला, शेरवानीही स्टुडिओवाल्याची. मोठा करून आणून मीच लावला होता. परदेशी माणसं इथे येऊन वहीत पाककृती उतरवून नेतात, त्याला खानदानी पाककला म्हणतात. अब्बा जे करायचे त्याला लोक भटारीपणा म्हणायचे. दम तोच, कांदा तोच, कान लावून ऐकणंही तेच. फरक घराचा होता.

तरीही एक गोष्ट इथे मी डोळ्यांनी पाहत होते आणि ती मला नाकारता येत नव्हती. ज्यांच्या पूर्वजांना तोफांची सलामी होती, त्या घरातल्या बायका स्वयंपाकघरात स्वतः उभ्या राहून मीठ बघत होत्या, आणि पैसे देऊन आलेल्या अनोळखी माणसांना वाढताना त्यांची मान खाली गेलेली नव्हती. मी भटाऱ्याची मुलगी असून लाजले. त्या लाजत नव्हत्या. अर्थात हेही खरं की त्यांच्या मागे वाडा होता. राजाच्या घरच्या माणसाने वाढलं तर तो विनय ठरतो, गरिबाने वाढलं तर ती चाकरी. हे कळूनसुद्धा मला माझंच वागणं आठवत राहिलं.

त्या रात्री जेवणाच्या वेळी घरातल्या एक बाई मेजाजवळ आल्या. सगळं ठीक आहे ना, म्हणून चौकशी केली. मी कोरम्याचं बोलले, कांद्याचं बोलले. त्यांनी कौतुकाने पाहिलं आणि मला हे कुठून कळतं, असं विचारलं. साधा प्रश्न होता. मी नेहमीप्रमाणे काहीतरी सांगू शकले असते. माझ्या तोंडून निघालं, "मेरे वालिद भटारी थे. शादियों में देगें चढ़ाते थे."

चौसष्टाव्या वर्षी हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. मला वाटलं होतं मेजावर काहीतरी सांडेल, कुणीतरी वळून बघेल. तसं काही झालं नाही. त्या बाई शेजारच्या खुर्चीवर टेकल्या आणि आमच्याकडे लग्नात काय काय होतं ते विचारू लागल्या. मी दालचाचं सांगितलं. आंबट कशाने करतात, त्यांनी विचारलं. चिंचेने, मी म्हटलं, आणि दुधी घालतात. डाळ आधी घोटायची की मटणाबरोबर शिजवायची, यावर आम्ही बराच वेळ बोललो. एवढंच. पन्नास वर्षं ज्याला मी डोंगर समजत होते, ते बोलणं चिंचेवर येऊन संपलं. हलकं वाटलं असं मी म्हणणार नाही. उलट वाईट वाटलं, की हे इतकं सोपं होतं तर अब्बांसमोर का जमलं नाही.

लेक गप्प होती. बाई आत गेल्यावर मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "तुला हे कधी सांगितलं नव्हतं."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, अम्मी. मामूच्या घरी माळ्यावर नानांची कफगीर आहे. मी सातवीत असताना पाहिली. मामूंनी सगळं सांगितलं होतं आणि तुला बोलू नको म्हणून बजावलंही होतं."

"मग इतकी वर्षं..."

"तू सांगशील म्हणून थांबले."

मला एकदम तिच्या घरमालकांची आठवण झाली. ही मुलगी नाव सांगून, नकार ऐकून, परत नाव सांगत राहिली. एकदाही तिने खोटं नाव सांगितलं नाही. मी मात्र आपल्याच माणसांत, ज्यांच्या दारात अब्बा देग लावायचे त्यांच्यासमोर, 'व्यापार' लिहीत आले. बाहेरच्यांनी आपल्याला नावावरून पारखलं की आपल्याला संताप येतो, आणि तो खराच आहे. आपण आपल्यातच दुसऱ्याला धंद्यावरून पारखतो, निकाह ठरवताना हळूच विचारतो, 'कौन लोगां हैं वो?', त्याचा संताप आपल्याला येत नाही. तो मलाही आला नव्हता. मी फक्त लपून बसले होते.

निघताना त्यांनी पाहुण्यांची वही पुढे केली. बहुतेक शेरे इंग्रजीत, काही गुजरातीत, काही हिंदीत. मी मराठीत लिहिलं. जेवण चांगलं होतं, कोरमा माझ्या वडिलांच्या हातचा वाटला, असं लिहिलं आणि खाली माझं नाव, मग 'सोलापूरचे भटारी' म्हणून अब्बांचं पूर्ण नाव. तो वयस्क नोकर दारापर्यंत पिशव्या घेऊन आला. मी त्याचं नाव विचारलं, स्वयंपाकघरात कोण कोण असतं त्यांचीही नावं विचारली आणि सर्वांना सलाम सांगायला सांगितलं. मला वाटतं हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

सोलापूरला परतल्यावर पहिल्या जुम्याला अब्बांच्या कबरीवर जाऊन फातेहा पढले. मग भावाकडे गेले. भाऊ काही न विचारता माळ्यावर चढला. कफगीर गोणपाटात गुंडाळलेली होती. दांडा गंजला आहे, पातं एका बाजूने झिजलं आहे. अब्बा उजव्या हाताने ओढून घ्यायचे, त्या बाजूने. रिक्षात ती आडवी बसेना, म्हणून उभी धरून आणली. रिक्षावाल्याने विचारलं, "ये क्या है, खाला?" मी सांगितलं.

आता ती माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी आहे. चिंचेने घासून, तेलाचा हात देऊन ठेवली आहे. वापरायची म्हटलं तर माझ्याकडच्या कुठल्याच भांड्यात ती मावत नाही.